कापडाची तपासणी होते, रंगाऱ्याची कधी?

परदेशी ऑर्डर घेणाऱ्या कोणत्याही कापड व्यापाऱ्याला 'अझो-फ्री' म्हणजे काय ते विचारा, तो झोपेतही सांगेल. रंगवलेल्या कापडाचा एक तुकडा प्रयोगशाळेत जातो. त्या रंगातून 'अरोमॅटिक अमाइन' जातीचे विषारी रसायन सुटते की काय, हे तेथे पाहतात. युरोपची मर्यादा एक किलो कापडामागे ३० मिलिग्रॅम इतकी कडक आहे. त्याहून जास्त निघाले तर माल परत. म्हणून तपासणीची फी व्यापारी मुकाट्याने भरतो आणि ती मालाच्या किमतीत धरतो.

आता दुसरा प्रश्न विचारा. तोच रंग पिंपात कालवणाऱ्या, कोपरापर्यंत हात बुडवून सूत पिळणाऱ्या, पावडरची धूळ नाकातोंडात घेणाऱ्या कामगाराची लघवी वर्षातून एकदा तरी कोणी तपासली काय? या प्रश्नावर बहुतेक ठिकाणी शांतता पसरते. तो तपासावा असे सांगणारे गिऱ्हाईक नाही आणि फी भरणाराही कोणी नाही.

हा प्रश्न आज काढण्याचे कारण असे की मूत्राशयाचा कर्करोग, जो रंगाच्या धंद्याशी शंभराहून अधिक वर्षे जोडलेला आहे, तो लघवीच्या काही थेंबांवरून ओळखणाऱ्या नव्या चाचण्या बाजारात आल्या आहेत. त्यांना 'जीन एक्स्प्रेशन मार्कर' म्हणतात. या चाचण्या काय आहेत, त्यांचा धंदा कसा चालतो आणि आपल्या डाईंगवाल्यांना त्यांचा उपयोग किती, याचा हिशोब मांडून पाहू.

रंगाचा आणि रोगाचा जुना संबंध

१८९५ साली जर्मनीतील फ्रँकफर्ट शहरातील लुडविग रेन नावाच्या सर्जनने एक गोष्ट जाहीर केली. फुक्सिन हा किरमिजी रंग तयार करणाऱ्या ४५ कामगारांपैकी तिघांच्या मूत्राशयात त्याला गाठी आढळल्या होत्या. सामान्य माणसात हा रोग इतक्या दाटीने दिसत नाही. प्रथम दोष अनिलीनला दिला गेला. पुढे कळले की खरे गुन्हेगार रंग बनविताना लागणारे बेंझिडीन आणि बीटा-नॅफ्थिलअमाइन हे पदार्थ होते.

ब्रिटनमध्ये रसायन कारखानदारांच्या संघटनेनेच पैसा पुरवून या रोगाची पाहणी करविली. रॉबर्ट केस या डॉक्टरने कारखान्यांचे हजेरीपट आणि मृत्यूचे दाखले जुळवून १९५४ साली निष्कर्ष छापले. कामगार रसायनाच्या संपर्कात आल्यापासून रोग दिसेपर्यंत सरासरी १८ वर्षे गेली होती. त्याआधीच, १९५३ साली, ब्रिटनने हा रोग भरपाईस पात्र असलेल्या धंदेवाईक आजारांच्या यादीत घातला होता. त्याच काळात तेथील रंग कारखान्यांत कामगारांची लघवी नियमित तपासण्याची पद्धत रुजली. थोडक्यात, कामगाराची लघवी तपासणे ही काही नवलाईची कल्पना नाही. सत्तर वर्षांपूर्वी कारखानदारांनी ती मान्य केली होती.

आपल्याकडे हा विषय गाजला तो गिऱ्हाईकामुळे. जुलै १९९४ मध्ये जर्मनीने अंगाला लागणाऱ्या कापडात असे अमाइन सोडणारे अझो रंग वापरण्यास बंदी घातली, तेव्हा आपल्या निर्यातदारांची धावपळ उडाली. भारत सरकारने बेंझिडीनवर आधारलेले ४२ रंग आणि, १९९७ च्या अधिसूचनेने, आणखी ७० अझो रंग, असे एकूण ११२ रंग हाताळण्यास मनाई केली. पुढे युरोपीय संघाने २००२ च्या निर्देशाने २२ अमाइनची यादी करून हाच नियम सगळ्या युरोपला लावला.

येथे एक हिशोब नीट लक्षात घ्यावा. रसायनाचा संपर्क आणि रोग यांच्यात पंधरा, वीस, कधी तीस-चाळीस वर्षांचे अंतर असते. बंदीपूर्वी, म्हणजे १९८० ते १९९५ या काळात, जो जवान पोरगा भिवंडी, मालेगाव, सोलापूर किंवा इचलकरंजीच्या डाईंगमध्ये हाताने रंग कालवीत होता, तो आज साठीच्या घरात आहे. रंग बाजारातून गेला, पण त्या काळाची उधारी फेडण्याची मुदत आता भरत आहे.

त्यात विडी-सिगारेटची भर. तंबाखूच्या धुरातही बीटा-नॅफ्थिलअमाइन असतेच. ते फुप्फुसातून रक्तात, रक्तातून मूत्रपिंडात आणि तेथून मूत्राशयात येऊन साठते. या रोगाच्या निम्म्या रुग्णांच्या मागे धूम्रपान असते, असा डॉक्टरांचा अंदाज आहे. डाईंगमध्ये काम आणि खिशात विडीचे बंडल, असे दोन्ही असले म्हणजे धोका दोन्ही बाजूंनी.

रोग लहान, खर्च मोठा

जगात २०२२ साली या कर्करोगाचे ६ लाखांहून अधिक नवे रुग्ण नोंदले गेले आणि सुमारे २ लाख २० हजार माणसे दगावली. पुरुषांत तो बायकांच्या तिपटीहून अधिक. त्यातल्या त्यात दिलाशाची गोष्ट ही की चारपैकी सुमारे तीन रुग्णांत तो मूत्राशयाच्या आतल्या अस्तरापाशीच असतो, स्नायूपर्यंत पोचलेला नसतो. अशा वेळी गाठ दुर्बिणीतून खरवडून काढता येते आणि मूत्राशय वाचते. स्नायूत शिरला तर मात्र पुष्कळदा मूत्राशयच काढावे लागते.

पण हा रोग फिरून फिरून येतो. म्हणून गाठ काढल्यावरही पहिल्या काळात दर तीन महिन्यांनी आणि पुढे कित्येक वर्षे दुर्बिणीने तपासणी करावी लागते. लघवीच्या मार्गातून नळी आत घालून डॉक्टर मूत्राशय पाहतो, तिला सिस्टोस्कोपी म्हणतात. आतले पाहण्याचा हाच खात्रीचा मार्ग, पण त्रास होतो, जंतुसंसर्गाची भीती असते आणि दर खेपेला पैसा व रोजंदारी दोन्ही बुडतात. आयुष्यभराचा खर्च धरला तर दर रुग्णामागे सर्वांत महाग पडणाऱ्या कर्करोगांत याची गणना होते.

दुसरा जुना मार्ग म्हणजे लघवीतल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे. त्याला सायटोलॉजी म्हणतात. पापानिकोलाऊ आणि मार्शल यांनी ही पद्धत १९४५ साली मांडली. उग्र जातीची गाठ ती चांगली पकडते, पण सौम्य गाठीच्या पेशी निरोगी पेशींसारख्याच दिसतात, त्यामुळे त्या सुटून जातात. नळीचा त्रास नको आणि नजरेच्या चुकीचा भरवसा नको, अशी तिसरी वस्तू बाजाराला हवी होती. जीनची चाचणी या मागणीतून आली.

डिझाईनची वही आणि मुकादमाच्या चिठ्ठ्या

जीन एक्स्प्रेशन हा शब्द अवघड वाटला तरी मागावर काम करणाऱ्याला तो चटकन समजेल. कारखान्यात डिझाईनची एक मोठी वही असते. तीत सगळे नमुने असतात, पण रोज सगळे विणले जात नाहीत. मुकादम त्या दिवशी लागणाऱ्या नमुन्याची चिठ्ठी लिहून मागावर पाठवितो. चिठ्ठी आली तरच तो माल निघतो.

शरीराच्या पेशीत डीएनए ही वही असते. प्रत्येक पेशीत वही तीच. चिठ्ठीला एमआरएनए म्हणतात. कोणत्या जीनच्या किती चिठ्ठ्या निघाल्या, हे त्या जीनचे 'एक्स्प्रेशन'. पेशी कर्करोगाची झाली की 'वाढ, वाढ, दुप्पट हो' अशा हुकमाच्या चिठ्ठ्यांचा ढीग पडू लागतो. मूत्राशयाच्या अस्तरातील पेशी झडून लघवीत येतात, त्यांच्याबरोबर या चिठ्ठ्याही येतात. पीसीआर तंत्राने त्या मोजता येतात. कोविडच्या साथीत नाकातल्या स्वॅबसाठी जे तंत्र घरोघरी माहीत झाले, तेच हे.

न्यूझीलंडच्या ड्युनेडिन शहरातील पॅसिफिक एज या कंपनीने याच तत्त्वावर 'सीएक्सब्लॅडर' नावाची चाचणी काढली. ती पाच जीनच्या चिठ्ठ्या मोजते. एमडीके, सीडीके१, आयजीएफबीपी५ आणि होक्सए१३ या चार जीन गाठीत जोरात चालतात. पाचवा सीएक्ससीआर२ हा मात्र वेगळ्या कामासाठी घेतलेला आहे. लघवीला जंतुसंसर्ग किंवा सूज असली की पांढऱ्या पेशी गर्दी करतात आणि या जीनच्या चिठ्ठ्या वाढतात. म्हणजे चार साक्षीदार 'चोर, चोर' म्हणून ओरडतात आणि पाचवा सांगतो, 'थांबा, ही नुसती सूज असेल.' या पाचव्या साक्षीदारामुळे खोटी आरोळी कमी होते.

२०१२ साली छापलेल्या पाहणीत लघवीतून रक्त गेलेले ४८५ रुग्ण घेतले होते. त्यांतील ६६ जणांना कर्करोग निघाला. या चाचणीने शंभरातले सुमारे ८२ पकडले. त्याच रुग्णांत सायटोलॉजीने ५६ पकडले. फरक मोठा आहे, पण शंभरातले १८ सुटले हेही तितकेच खरे. पुढे कंपनीने 'ट्रायज' नावाचा प्रकार काढला. त्यात जीनच्या आकड्याबरोबर रुग्णाचे वय, लिंग, धूम्रपान आणि रक्त किती वेळा दिसले हे धरून ज्यांना रोग असण्याचा संभव फार कमी आहे त्यांना बाजूला काढतात, म्हणजे त्यांच्यावर नळीची पाळी येऊ नये. २०२४ साली छापलेल्या अमेरिकेतील एका पाहणीत कमी धोक्याच्या रुग्णांवर नेहमीच्या पद्धतीने शंभरात ६७ सिस्टोस्कोपी झाल्या. चाचणीचा आधार घेतला तेथे त्या २७ वर आल्या.

माल चांगला, पण पैसे कोण देणार?

येथून पुढची गोष्ट शुद्ध धंद्याची आहे. चाचणी न्यूझीलंडची, पण खरी बाजारपेठ अमेरिका. कंपनीने पेनसिल्व्हानिया राज्यातील हर्शी येथे प्रयोगशाळा थाटली. तेथे ६५ वर्षांवरील लोकांचा दवाखान्याचा खर्च मेडिकेअर ही सरकारी योजना उचलते, आणि हा रोग उतारवयाचा. म्हणजे सर्वांत मोठे गिऱ्हाईक एकच. मेडिकेअरने १ जानेवारी २०२० पासून एका चाचणीचा दर ७६० डॉलर ठरविला. २०२५ च्या विनिमय दराने तो ६५ हजार रुपयांच्या आसपास जातो. त्याच वर्षी मेडिकेअरच्या वतीने बिले पाहणाऱ्या नोव्हिटास या कंत्राटदाराने पैसे देण्यास सुरुवात केली. कंपनीच्या शेअरने उसळी मारली.

जून २०२३ मध्ये त्याच कंत्राटदाराने सांगितले की पुरावा अपुरा आहे, पैसे बंद. शेअर धडाधड खाली आला. तो हुकूम मागे घेतला गेला, पुन्हा मसुदा आला, पुन्हा वाद झाले. शेवटी २४ एप्रिल २०२५ पासून मेडिकेअरचे पैसे थांबले. योगायोग असा की त्याच वर्षी, काही आठवड्यांपूर्वीच, अमेरिकेच्या युरॉलॉजी डॉक्टरांच्या संघटनेने आपल्या मार्गदर्शक सूचना बदलून मध्यम धोक्याच्या रुग्णांत, त्याच्याशी विचारविनिमय करून, सिस्टोस्कोपीऐवजी लघवीची अशी चाचणी चालेल असे म्हटले होते. डॉक्टर म्हणतात चालेल, तिजोरीवाला म्हणतो चालणार नाही.

व्यापाऱ्याने यातून दोन धडे घ्यावेत. पहिला, एकाच बड्या गिऱ्हाईकावर दुकान चालविणे किती धोक्याचे असते. मालात खोट नसली तरी गिऱ्हाईकाच्या एका कागदाने गल्ला रिकामा होतो. दुसरा धडा अधिक खोल आहे. औषधपाण्याच्या धंद्यात वस्तू 'बरोबर सांगते' एवढे पुरत नाही. तिच्यामुळे रुग्णाचे भले झाले, त्रास वाचला, आयुष्य वाढले, हे दाखवावे लागते. हा पुरावा जमवायला वर्षे आणि पैसा लागतो. तोपर्यंत ज्याच्या खांद्यावर बिल, त्याचा शब्द शेवटचा.

दुसरी एक वाट आपल्याला जास्त जवळची आहे. अमेरिकेच्या सेफीड कंपनीचे जीनएक्स्पर्ट यंत्र आपल्या सरकारी दवाखान्यांत क्षयरोगाच्या तपासणीसाठी बसविलेले असते. लोक त्याला 'सीबीनॅट' म्हणून ओळखतात. थुंकीचा नमुना एका काडतुसात घालायचा आणि काडतूस यंत्रात सरकवायचे, बाकी काम यंत्र करते. याच कंपनीने त्याच जातीच्या यंत्रासाठी मूत्राशयाच्या कर्करोगाचे काडतूस बनविले आहे. तेही पाच चिठ्ठ्या मोजते: एबीएल१, सीआरएच, आयजीएफ२, यूपीके१बी आणि एएनएक्सए१०. त्यातला एबीएल१ हा नमुन्यात पुरेशा पेशी आल्या की नाही याची खात्री करण्यासाठी. निकाल सुमारे दीड तासात. यंत्र आधीच घेतलेले असले की नव्या कामाचा खर्च काडतुसापुरता राहतो, हे कोणत्याही कारखानदाराला समजावून सांगायला नको. जीनच्या चाचण्या गरीब देशात स्वस्त व्हायच्या असतील तर त्या अशाच मार्गाने होतील.

आपल्या रंगाऱ्याने काय करावे?

समजा, पंचवीस वर्षे डाईंगमध्ये काम केलेला एक गृहस्थ आहे. एके दिवशी लघवी लाल होते. दुखत नाही, आग होत नाही. तो म्हणतो, उन्हाळी लागली असेल, किंवा कालचा रंग अंगात गेला असेल. बायको धने-जिऱ्याचे पाणी देते. दोन दिवसांत लघवी साफ होते. तो कामावर जातो आणि विसरतो. चार-सहा महिन्यांनी पुन्हा तेच. या दरम्यान गाठ अस्तरातून स्नायूत उतरलेली असते.

रक्त थांबले म्हणजे रोग गेला, असे या कर्करोगात नसते. रक्त येते, थांबते, पुन्हा येते. न दुखता आलेले रक्त हे मुतखड्याच्या दुखऱ्या रक्तापेक्षा जास्त काळजीचे. एकदा जरी डोळ्यांना लाल दिसले, तरी युरॉलॉजिस्टकडे जावे आणि 'मी रंगाच्या कामात इतकी वर्षे होतो' हे आपणहून सांगावे. डॉक्टर विचारीलच असे नाही. हे एक वाक्य रुग्णाला कमी धोक्याच्या रांगेतून काढून जास्त धोक्याच्या रांगेत बसविते.

अशा माणसाने जीनच्या चाचणीची वाट पाहू नये. अमेरिकेच्या सूचनांतही डोळ्यांना रक्त दिसलेल्या, वयस्क, खूप धूम्रपान केलेल्या माणसाला थेट सिस्टोस्कोपीच सांगितली आहे. जीनची चाचणी ही नळीची पाळी कोणावर आणायची नाही हे ठरविण्यासाठी आहे. ज्याच्यावर ती आणायलाच हवी त्याला सूट देण्यासाठी नाही. शिवाय चाचणी 'आहे' म्हणाली तरी शेवटी नळीने पाहावेच लागते. कोणी दुकानदार 'एका बाटलीत कर्करोगाचा निकाल' अशी जाहिरात करील, त्याच्यापासून सावध राहावे.

मालकांसाठीही हिशोब अवघड नाही. साध्या पट्टीने लघवीतले सूक्ष्म रक्त दिसते, आणि ही तपासणी कोणत्याही लहान पॅथॉलॉजीत थोड्या पैशांत होते. वर्षातून एकदा कामगारांची ही तपासणी, ज्याच्यात रक्त निघाले त्याला पुढे पाठविणे, रंग कालविताना हातमोजे आणि तोंडाला मास्क, पावडरऐवजी जमेल तेथे पातळ रंग, आणि काम सोडून गेलेल्या जुन्या कारागिरांची नावे एका वहीत. ही वही महत्त्वाची, कारण रोग निघतो तेव्हा माणूस कामावर नसतो. अझो-फ्री सर्टिफिकेटवर जो खर्च होतो, त्याच्या शेजारी ही रक्कम मांडून पाहावी.

सर्टिफिकेटसाठी गिऱ्हाईक आग्रह धरतो, कारण कापड त्याच्या मुलाबाळांच्या अंगाला लागणार असते. रंगाऱ्याच्या अंगाला तर तो रंग रोज लागतो, आणि त्याचीही मुलेबाळे आहेत. प्रयोगशाळेत कापडाचा तुकडा पाठविणाऱ्या मालकाने पुढच्या खेपेस आपल्या डाईंगमधील सर्वांत जुन्या कारागिराला बोलावून एवढेच विचारावे, 'चाचा, लघवीला कधी रक्त तर जात नाही ना?' या प्रश्नाला पैसा लागत नाही.